तिला माफ करायला बसले तेव्हा

फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होते. माझ्या लेकीची सोयरीक जमत आली होती आणि फोन मुलाच्या मामांचा होता. एरवी हा माणूस आधी पीकपाणी विचारणार, मग तब्येत, मग शेरडांची चौकशी करणार आणि शेवटी मुद्द्यावर येणार. त्या दिवशी त्यांनी एकदम सांगितलं, "ताई, रविवारचं राहू द्या. तुमी येऊ नका. मुलाच्या आईचा इचार बदलला."

मी पळी हातात धरूनच विचारलं, "कावून? काय झालं?"

ते म्हणाले, "पोरीला झटके येतेत म्हणं. दर आमावस्येला पडती म्हणं. तुमी सांगितलं न्हाई आमाला."

"भाऊ, आमावस्येचं खोटं हाय. तिला लहानपणी झटके आलते, आता कितीक वर्षांत एक बी न्हाई. आन् त्येच सांगायला मी रविवारी येणार होते."

"आता काय उपयोग ताई. तुमच्याच जवळच्या माणसाकडून कळलं. आधी तुमच्याकडून कळलं असतं तर गोष्ट येगळी होती."

त्यांनी फोन ठेवला. मी उरलेल्या पोरांना खिचडी वाढली, ताटं गोळा केली, मदतनीस बाईला पाणी आणायला पाठवलं. हात आपलं काम करत होते. लेकीच्या आजाराचं आमच्या घराबाहेर एकाच माणसाला ठाऊक होतं, त्यामुळं कुणी सांगितलं हे शोधायला मला कुठं जावं लागणार नव्हतं. तरी मी कितीतरी दिवस दुसरंच कुणीतरी शोधत राहिले. डॉक्टरांच्या दवाखान्यातलं कुणी, औषधाच्या दुकानातलं कुणी. माझ्या मैत्रिणीचं नाव मनात आलं की मी ते बाजूला सारायचे.

आम्ही दोघी एकाच गावच्या. धर्मापुरीच्या जवळ आमचं माहेर. आयांबरोबर धर्मापुरीच्या बाजाराला गेलो की त्या बाजार करायच्या आणि आम्ही जुन्या देवळाच्या सावलीत बोरं खात बसायचो. तिचं लग्न आधी झालं, नेकनूरच्या पुढं, बागायती शेतीच्या घरात. नवरा पुढाऱ्यांच्या मागं फिरणारा, पण घर भरलेलं. पुढच्या साली तिनंच माझ्यासाठी त्याच गावातलं स्थळ आणलं. "घर साधं हाय, थोडी कोरडवाहू हाय, शेरडं हायेत. पण माणूस बायकोवर हात उचलणारा न्हाई," असं तिनं माझ्या आईला सांगितलं. ते खरं निघालं. म्हणजे माझं नांदणंसुद्धा तिच्या शब्दावर उभं होतं.

परक्या गावात आपल्या गावची एक बाई असणं म्हणजे काय, ते नांदायला गेलेल्या बायकांनाच कळेल. माझी सासू कडक होती. घरात काही बोलायची सोय नव्हती. मी पाण्याच्या निमित्तानं तिच्या दारावरून जायचे आणि ती दारातच उभी असायची. माझ्या आयुष्यात जे घडलं ते मी आधी तिला सांगितलं. तिला सांगेपर्यंत ते पुरतं घडलंय असं मला वाटायचंच नाही.

माझी लेक सहावीत होती तेव्हा उन्हाळ्यात आम्ही दोघी तिच्या स्लॅबवर कुरडया घालत होतो. लेक साच्यात चीक भरून देत होती. भरता भरता साचा तिच्या हातातून सुटला आणि ती आडवी झाली. हातपाय ताठ, डोळे वर. मी नुसतीच उभी राहिले. मैत्रिणीनं मात्र तिला पटकन कुशीवर वळवलं, तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि ती सारखं म्हणत राहिली, "झालं, झालं, आता झालं." लेक शुद्धीवर आली तेव्हा तिला पहिला चेहरा दिसला तो माझा नाही, मैत्रिणीचा.

खाली उतरायच्या आधी ती मला म्हणाली, "कुणाला बोलू नको. पोरीची जात हाय. मी बी बोलणार न्हाई."

आणि ती खरंच बोलली नाही. बीडच्या डॉक्टरांकडं लेकीचं औषध सुरू झालं. आणखी काही वेळा झटके आले, मग थांबले, पुढं डॉक्टरांनी हळूहळू गोळ्याही बंद केल्या. त्या सगळ्या वर्षांत बीडला जाताना बऱ्याचदा ती माझ्यासोबत यायची. नेकनूरच्या स्टँडवर कुणी विचारलं की तीच उत्तर द्यायची, "साड्या बघायला चाललाव." मी गप्प उभी राहायचे. माझ्या वाटचं खोटंसुद्धा ती बोलायची.

मग हे स्थळ आलं. मुलगा शिरूर कासारकडचा, बीडला बँकेत नोकरीला. त्याचे आईवडील कितीतरी वर्षं ऊसतोडीला जायचे, त्या काळात हा मामाकडं राहून शिकला. घरी बघायला आले तेव्हा त्यानं माझ्या लेकीला विचारलं, "तुम्हाला पुढं शिकायचंय का?" आणि तिनं "हो" म्हटल्यावर तो आपल्या आईकडं बघून हसला. पाहुणे गेल्यावर लेक स्वयंपाकघरात आली आणि तिनं काही न बोलता माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं. ती खूश असली की काम करते.

रविवारी आम्ही त्यांचं घर बघायला जायचं ठरलं. मधल्या एका दुपारी मी मैत्रिणीकडं गेले आणि मनातलं सगळं तिच्यासमोर मांडलं.

"मी त्या दिवशी मुलाच्या आईला सांगणार हाय," मी म्हटलं. "आजाराचं लपवून लेक द्यायची न्हाई मला. डॉक्टरांशी बोला म्हणणार, पायजे तर संगं चला म्हणणार."

"सांग की," ती म्हणाली. "सांगायलाच पायजे."

"हो म्हणतील का गं?"

"आई चांगली वाटली म्हणलीस ना? मग म्हणंल." तिनं चहा गाळला, माझ्यापुढं कप ठेवला आणि विचारलं, "घर नेमकं कुठंशी हाय त्येंचं?"

मी तिला घर कुठंय ते सांगितलं. रस्ता, चौक, किराणा दुकान, सगळं. तो चहा कसा झाला होता ते मला आठवत नाही. तिचा तो प्रश्न मात्र मी नंतर इतक्या वेळा ऐकलाय की त्यातला प्रत्येक शब्द कुठल्या सुरात होता ते मी सांगू शकेन.

दोन दिवसांत मामांचा फोन आला. आणि पुढच्या महिन्यात एका सकाळी अंगणवाडीच्या दारातून मला तेच मामा गाडीतून उतरताना दिसले. गाडी मैत्रिणीच्या दारात थांबली होती. त्यांनी मला पाहिलं, मान खाली घातली आणि आत गेले. दुपारपर्यंत गावभर झालं. मैत्रिणीच्या धाकट्या पोरीची सुपारी फुटली, मुलगा शिरूर कासारकडचा, बँकेत आहे.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. ती अंगणात तूर पाखडत होती. मला बघून तिनं सूप थांबवलं, पण उठली नाही.

"तू गेलतीस का तिकडं?" मी विचारलं.

"गेलते."

ती नाही म्हणेल अशी मी रस्ताभर तयारी करून आले होते. नाही म्हणाली असती तर मी भांडले असते. ती "गेलते" म्हणाली आणि माझ्याजवळचं सगळं सरलं.

"खोटं काय बोलले मी?" ती म्हणाली. "हाय त्ये सांगितलं."

"दर आमावस्येला पडती, हे हाय त्ये हाय?"

तिनं सुपातले दाणे बोटानं बाजूला केले. "त्येंनी इचारलं किती येळा. माझ्या तोंडातून निघून गेलं."

"मी रविवारी सांगणारच होते. तुला म्हाईत होतं."

"म्हणूनच तर आधी गेले," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, जणू आपण भाजीत काय घातलं ते सांगतेय. "तू सांगितलं असतंस तर त्येंनी हो म्हणलं असतं. तुझं बोलणंच तसं हाय. लोकाला पटतं. माझ्या पोरीला किती जण बघून गेले तू बघितलंस. रंगानं सावळी, शाळा सुटलेली. तुझी शिकलेली हाय, तिला आज न्हाई तर उद्या कुणी बी भेटंल. माझीचं काय?"

"मला म्हणायचं होतंस."

"तर दिलं असतंस?"

तिनं सूप पुन्हा हलवायला सुरुवात केली आणि मी घरी आले.

लग्न आमच्याच गावात झालं. वाजंत्रीचा आवाज आमच्या घरापर्यंत येणारच होता, म्हणून मी आणि आमचे मालक सकाळीच शेरडं घेऊन माळावर गेलो. आवाज तिथंही आला. मालक म्हणाले, "बरंच झालं. ऐकीव गोष्टीवर सोयरीक मोडणारी माणसं, त्येंच्या घरात आपली लेक गेली न्हाई ते बरंच झालं." त्यांचं म्हणणं खरं होतं. पण त्यानं मला काही बरं वाटलं नाही.

लेक एका संध्याकाळी रडली. "आई, त्यानं एकदा तरी फोन करून मलाच विचारावं असं वाटलं होतं," ती म्हणाली. "न्हाई केला. संपलं मग." आणि तिच्यापुरतं ते संपायला लागलंसुद्धा. ती अंबाजोगाईला मानसशास्त्रात एम. ए. करायला गेली.

माझं संपेना. मी मैत्रिणीच्या दारावरून जायचं बंद केलं आणि अंगणवाडीला शाळेमागच्या बोळातून जाऊ लागले. भाकरी थापताना, भांडी घासताना मी तिच्याशी भांडत असायचे. त्या दिवशी सुचली नव्हती ती सगळी उत्तरं मला चुलीपुढं सुचायची. बोलता बोलता भाजीत मीठ दोनदा पडायचं. दाढा दुखायला लागल्या म्हणून बीडला दाखवलं तर डॉक्टर म्हणाले, "तुम्ही दात आवळून धरता. झोपेतही धरत असणार. कशाचं टेन्शन आहे का?" मी नाही म्हटलं. गावातल्या बायका म्हणायच्या, देवावर सोड, तिचं तिला भरावं लागंल. मला तेही नको होतं आणि मनातून तेच हवं होतं. तिच्या पोरीचं तिकडं काही बरंवाईट ऐकू येतं का, म्हणून गिरणीत माझे कान टवकारलेले असायचे. पोरगी सुखात होती.

दिवाळीला लेक घरी आली. मी खोबरं किसताना तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "आई, तू आत्ता कुणाशी बोलत होतीस?"

"कुणाशी न्हाई."

"तुझे ओठ हालत होते."

तिच्या कॉलेजात एक मॅडम तास सुरू करायच्या आधी सगळ्यांना थोडा वेळ शांत बसवायच्या. डोळे मिटायचे, श्वास येतो-जातो तो बघायचा, मन कुठं गेलं की त्याला ओढून न आणता परत श्वासावर यायचं. लेकीनं ते मला शिकवायचं म्हटलं.

"तिला माफ करायचं शिकवायलीस का मला?" मी विचारलं. "तसलं काही मला जमणार न्हाई."

"माफीचं नाव नको काढू. आधी नुसती बस."

मग मी बसायला लागले. पहाट सरून उजाडायच्या सुमारास, शेरडांची धार काढायच्या आधी, घरामागं एका पोत्यावर. लोकांना वाटतं डोळे मिटले की शांत वाटतं. मला तर डोळे मिटले की तिचं अंगण दिसायचं. पहिल्या श्वासाला अंगण, दुसऱ्या श्वासाला सूप, तिसऱ्याला "म्हणूनच तर आधी गेले." मी उठून जायचे. फोनवर लेकीला म्हटलं, "ह्यानं तर राग वाढायलाय."

"वाढत न्हाई आई. आधी तू कामात असायचीस, आता समोरासमोर बसलीस. राग आला की 'राग आला' एवढंच म्हण मनात. तिला शिवी नको देऊ आन् स्वतःलाबी नको देऊ. अंगात कुठं येतो तेवढं बघ."

ते मला जमलं, कारण ते बघण्यासारखं होतं. राग आधी जबड्यात यायचा. मग मानेत, मग छातीत मधोमध, चटका बसल्यासारखा. मी बघत बसले की तो थोडा वेळ जोरात राहायचा आणि मग त्याचा जोर आपोआप उतरायचा. जायचा नाही, उतरायचा. एवढे दिवस मला वाटत होतं की राग म्हणजे तिच्याबद्दलचा विचार. तो माझ्याच दाढांमध्ये राहत होता हे मला पोत्यावर बसल्यावर कळलं.

पुढं लेकीनं आणखी एक सांगितलं. शेवटी कुणाचं तरी भलं चिंतायचं. आधी स्वतःचं, मग आवडत्या माणसाचं, मग ओळखीच्या कुणाचं तरी, आणि जमेल तेव्हा ज्याचा राग आहे त्याचं. मी मालकांचं चिंतलं, मदतनीस बाईचं चिंतलं, मरून गेलेल्या सासूचंही चिंतलं. एक दिवस धीर करून मैत्रिणीचं नाव घेतलं. 'ती सुखात राहो.' भाकरीत खडा यावा तसा तो शब्द दाताखाली आला. मी खोटं बोलत होते आणि ऐकणारी मीच होते. मी ते सोडून दिलं. लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "खोटं वाटतं तर नको म्हणू. घाई कुणाला हाय?"

मग एके दिवशी असं झालं. अंगणवाडीत एका चिमुरडीनं मला विचारलं, "बाई, तुमी रोज रडत शाळेत येता त्ये तुमच्या आईला म्हाईत हाय का?" ती स्वतः रोज रडत यायची, तिला वाटलं सगळेच रडत येतात. मला इतकं हसू आलं. आणि हसता हसता मी चप्पल घातली होती. पाय मैत्रिणीच्या घराकडं वळले होते, तिला हे सांगायला. रस्त्याच्या मध्यावर मला आठवलं आणि मी थांबले.

दुसऱ्या दिवशी पोत्यावर बसले तेव्हा राग आला, जबड्यात आला, छातीत आला, मी बघत राहिले. तो उतरल्यावर खाली आणखी काहीतरी होतं. मला तिची आठवण येत होती. सोयरीक मोडल्याचं दुःख लेकीचं होतं आणि ते तिनं निस्तरलं होतं. माझं दुःख वेगळं होतं. ज्या बाईला सगळं सांगायचे तिनंच हे केलं होतं, आणि तिनं केलेलं सांगायला मला दुसरी बाईच नव्हती. मी त्या दिवशी खूप रडले. ज्या माणसानं दगा दिला त्याची आठवण यावी याची मला आतून लाज वाटत होती, म्हणून मी एवढे दिवस नुसती रागात राहिले होते. त्यानंतर मी बोळातून जायचं सोडलं. पूर्वीच्याच रस्त्यानं जाऊ लागले. ती दारात असली तर मान खाली घालायची नाही एवढं ठरवलं.

पुढच्या वर्षी तिची धाकटी बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. आणि गावातल्या प्रत्येक तान्ह्या बाळाचं वजन करणं, ते लिहिणं, आईला काय खायचं ते सांगणं हे माझं काम. मला हे आधीपासून दिसत होतं, तरी वजनाच्या दिवशी दोघी मायलेकी बाळाला घेऊन दारात आल्या तेव्हा माझा जबडा आवळला. मी बघितलं, आवळलाय. श्वास आत गेला, बाहेर आला. "या," मी म्हटलं. "बसा."

पोरगी माझ्याकडं बघत नव्हती. तिचा काय दोष होता? तिला सोयरीक आली, तिनं मान खाली घातली. मी तिला विचारलं, दूध पुरतं का, रात्री झोप होते का. ती हळू आवाजात उत्तरं देत गेली. मी बाळाला घेतलं, काट्याच्या झोळीत ठेवलं. बाळ रडलं नाही, ते छताकडं बघत होतं. त्याचं नाक हुबेहूब बापाचं होतं. ज्या मुलानं आमच्या घरात बसून माझ्या लेकीला शिकायचंय का असं विचारलं होतं, त्याचं. एक चटका आला, मधोमध. मी आकडा वाचला, लिहिला, बाळाला झोळीतून काढलं आणि ते माझ्या अंगावर मुतलं.

मैत्रीण झटकन पुढं झाली आणि आपल्या पदरानं माझं लुगडं पुसू लागली. तिला भान नव्हतं. तिचा हात माझ्या पोटाशी होता, पूर्वीसारखा, दोघींत काही नसल्यासारखा. मग तिला कळलं. हात तिथंच थांबला. पोरीनं बाळाला घेतलं आणि दूध पाजायला आतल्या खोलीत गेली.

आम्ही दोघीच राहिलो.

"सुखात हाय ती," मैत्रीण म्हणाली. ती पदराचं टोक पिळत होती. "सासू जीव लावती. तुला सांगावं वाटायचं. कुणाला सांगू दुसऱ्या?"

मला वाटलं होतं ती चुकले म्हणेल. तिनं तसं म्हटलं नाही, आजपर्यंत म्हटलेलं नाही. तिनं मला सुखाची बातमी दिली. माझ्या लेकीच्या वाटचं सुख, मलाच, हक्कानं. राग गळ्यापर्यंत आला. मी तो येऊ दिला. तो उतरायला बराच वेळ लागला आणि ती तेवढा वेळ उभी राहिली.

"बरं झालं," मी शेवटी म्हटलं. "सुखात राहू दे तिला." म्हणताना माझं मलाच नवल वाटलं, कारण यावेळी खडा लागला नाही. पोरीपुरतं ते खरं होतं.

"आन् मला?" ती म्हणाली.

मी तिच्याकडं बघितलं. ती थकली होती, केस पांढरे झाले होते. "तुझं वाईट व्हावं असं मला आता वाटत न्हाई," मी म्हटलं. "आधी वाटायचं. रोज वाटायचं. पण तू केलंस त्ये मी इसरले न्हाई. तुझ्या घरी मी येणार न्हाई, बारशाला बी न्हाई. तू बी बोलवू नको."

ती यावर रडेल किंवा चिडेल असं वाटलं. ती नुसती मान हलवत राहिली. आतून पोरगी बाळाला घेऊन आली तेव्हा मैत्रिणीनं विचारलं, "पुढच्या महिन्यात कधी आणायचं?"

"पहिल्या मंगळवारी आणा," मी म्हटलं.

पोरगी माहेरी होती तोवर तिनं बाळाला दर महिन्याला आणलं. मी वजन करत राहिले. बाळ चांगलं वाढलं. मग ती शिरूर कासारला गेली.

लेकीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मी तर मावशीला कवाच माफ केलं आई." ती अजूनही तिला मावशी म्हणते. मी म्हटलं, "तुझं तू केलंस. माझं काम येगळं हाय, त्याला येळ लागतोय." लेक आता अंबाजोगाईलाच एका शाळेत मुलांशी बोलायचं, त्यांना समजून घ्यायचं काम करते. स्थळं येतात. पहिल्याच भेटीत ती स्वतः आजाराचं सांगते, चहा यायच्या आधी. एक पाहुणे चहा न पिताच उठले. दुसऱ्यांनी डॉक्टरांचा नंबर घेतला आणि पुन्हा कळवलंच नाही. ती म्हणते, जो ऐकून बसून राहील त्याच्याशी बोलू. मला काळजी वाटते, पण मी तिला ती बोलून दाखवत नाही.

मी रोज बसते. काही दिवस शांत जातात, काही दिवस ते अंगण पुन्हा उघडतं आणि मी सुपाचा आवाज ऐकत बसते. दाढा आता कमी दुखतात. मला वाटलं होतं, माफ केलं की मैत्रीण परत मिळेल. तशी माझी समजूत होती. ती मिळाली नाही. राग बराचसा गेला आणि त्याच्या जागी एक रिकामपण राहिलं, आणि ते भरायला दुसरं काही आलेलं नाही.

मागच्या आठवड्यात गिरणीत आम्ही शेजारी शेजारी उभ्या होतो. तिचं दळण माझ्या आधी होतं. पट्ट्याच्या आवाजात तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, "पोरगी कशी हाय?" एवढ्या दिवसांत तिनं माझ्या लेकीचं पहिल्यांदाच विचारलं होतं.

"बरी हाय," मी म्हटलं.

ती पुढचं ऐकायला थांबली. सांगण्यासारखं खूप होतं. नव्या स्थळाचं, शाळेतल्या मुलांचं, गेल्या खेपेला लेक स्वतःच्या पैशानं माझ्यासाठी काय घेऊन आली त्याचं. गिरणीवाल्यानं तिचा डबा सरकवला. तिनं तो उचलला, डोक्यावर घेतला, आणि एकदा माझ्याकडं बघून ती निघाली. मी माझा गव्हाचा डबा पुढं सरकवला.